आकाश हें कोणाचें वतन?

शेताचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरांत असतो, घराचा उतारा ग्रामपंचायतींत मिळतो. पण आपल्या डोक्यावर जें आकाश आहे त्याचा उतारा कोणाच्या नांवें निघतो, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं कधीं विचारलें आहे काय? निर्मीकानें सूर्य, चंद्र आणि तारे सर्वांस सारखे दिले. किंबहुना आकाशाशीं खरा संबंध कोणाचा म्हणाल, तर जो रात्रीं शेतावर राखण करतो, पहाटे शुक्राची चांदणी पाहून बैल जुंपतो आणि मृगाच्या भरंवशावर राबांत भात पेरतो त्याचा. असें असून आकाशांत काय चाललें आहे हें मात्र त्यानें दुसऱ्यास विचारावें, त्या सांगण्याचे पैसे द्यावे, आणि वर सांगणाऱ्याची भीति बाळगावी, ही रीत पडली आहे. ज्याचें शेत त्यानेंच बांधावर उभें राहून आंत येण्याची परवानगी मागावी, तसा हा प्रकार आहे.

ही रीत आपोआप पडली नाहीं. गांवोगांव जोशीपणाचें वतन होतें. लग्नाचा मुहूर्त जोशानें सांगावा आणि त्याची दक्षिणा घ्यावी; बोलाविलें नाहीं तरी हक्क म्हणून मागावी. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याच्या आरंभींच, शेतकऱ्याच्या घरीं मूल जन्मल्यापासून तो स्वतः मरेपर्यंत कोणकोणत्या निमित्तानें त्याची गांठोडी सोडविली जाते, याचा हिशेब त्यांनीं मांडला आहे. जुन्नर तालुक्यांतील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं जोशाविना लग्न लाविलें, तेव्हां जोशानें आपला हक्क बुडाला म्हणून कोर्टांत दावा गुदरला. पुढें १९२६ सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला आणि न बोलाविलेल्या उपाध्यायाचा दक्षिणेवरचा हक्क गेला. म्हणजे दक्षिणेचें वतन कायद्यानें मोडलें. पण भीतीचें वतन मोडण्यास कोणता कायदा पुरणार? तें ज्याच्या मनांत आहे त्यानेंच मोडावें लागतें.

आज तर या वतनाला जातीचाही आधार उरलेला नाहीं. टी.व्ही.वर आणि मोबाईलवर राशिभविष्य सांगणारा कोणत्याही जातीचा असतो. आपल्यांतलेच दोन बुकें शिकलेले कित्येक जण साडेसातीचे तोडगे विकूं लागले आहेत. म्हणून आमचें भांडण जातीशीं नाहीं, धंद्याशीं आहे. आणि हा धंदा बसवावयाचा तर शिव्या देऊन बसणार नाहीं. ज्या गोष्टीच्या जोरावर तो चालतो ती गोष्ट आपण स्वतः समजून घेतली म्हणजे तो बसेल. सुदैवानें ती गोष्ट कठीण नाहीं. तिला एक काठी लागते, एक दोरी लागते आणि वर पाहण्याची संवय लागते.

प्रथम पंचांगाविषयीं दोन शब्द. पंचांग सगळेंच खोटें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत दोन मालांची एकच गांठोडी बांधलेली आहे. एक माल गणिताचा. अमावास्या केव्हां, सूर्य कधीं उगवेल, ग्रहण किती वाजतां लागेल हें गणितानें निघतें आणि तें बरोबर निघतें. दुसरा माल फळाचा. अमक्या घटकेस निघालें तर काम होईल, अमक्या राशीस पीडा आहे, अमक्या ग्रहाची शांति करा. पहिला माल खरा असल्यामुळें दुसराही खपून जातो. दूध अस्सल म्हणून त्यांत घातलेलें पाणीही आपण दुधाच्या भावानें घेतों. दूध कोणतें व पाणी कोणतें हें ओळखणें, एवढेंच आजच्या लेखाचें काम.

आतां काठीकडे येऊं. अंगणांत किंवा खळ्यांत सपाट जागा पाहून शंभर सेंटीमीटर लांबीची सरळ काठी उभी ठोका. ती ओळंब्यांत आहे कीं नाहीं हें गवंडीदादा क्षणांत सांगतील. दुपारीं साडेबाराच्या आगेमागें दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोकास खडा ठेवा. सर्वांत आंखूड सावली पडेल ती खरी मध्यान्ह, आणि ती सावली जी रेघ दाखवील ती बरोबर दक्षिणोत्तर. आमच्या साजगांवीं ही मध्यान्ह घड्याळांतल्या बाराला होत नाहीं. ऋतुमानानें ती साधारण बारा वीस ते बारा पन्नास यांच्या दरम्यान पडते. कारण आपलें घड्याळ सगळ्या देशासाठीं तिकडे प्रयागराजाच्या बाजूच्या रेखांशावर लावलेलें आहे आणि साजगांव त्याच्या पुष्कळ पश्चिमेस आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्यासमोर ते लोक आधीं येतात, आपण मागून येतों.

हीच काठी वर्षभर उभी ठेवा. डिसेंबरच्या २२ तारखेस मध्यान्हीची सावली सुमारें ९१ सेंटीमीटर भरेल. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास ती ३४ वर येईल. पुढें आंखूड होत होत मे महिन्याच्या १४ तारखेच्या आसपास, दुपारीं बारा तेहतीसच्या सुमारास, ती नाहींशीच होईल. काठी उन्हांत उभी असून तिला सावली नाहीं! त्या क्षणीं सूर्य आमच्या ऐन माथ्यावर असतो. जून महिन्यांत तो आणखी उत्तरेस सरकतो आणि ढग नसतील तर सावली उलटी, दक्षिणेकडे, आठ सेंटीमीटर पडते. जुलैच्या अखेरीस सूर्य परत माथ्यावर येतो, पण तेव्हां आमच्याकडे पाऊस असतो आणि तमाशा ढगांआड होतो. या एका काठीनें लेंकरांस काय कळलें? पृथ्वी आपल्या आंसावर कलती आहे, ती तशीच कलती राहून सूर्याभोंवतीं फिरते, आणि म्हणून उन्हाळा व थंडी होते. कोणी सांगितलें म्हणून नव्हे, खडे मोजले म्हणून कळलें.

येथेंच दुधांतल्या पाण्याची पहिली परीक्षा होते. मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते आणि त्या दिवशीं उत्तरायण लागतें असें आपण ऐकत आलों. पण काठी काय म्हणते? १४ जानेवारीस सावली ८४ सेंटीमीटरच भरते, म्हणजे ती तीन आठवड्यांपूर्वींच घटूं लागलेली असते. उत्तरायण खरोखर २२ डिसेंबरास लागलें. दीड हजार वर्षांपूर्वीं दोन्हीं दिवस जवळजवळ एकच होते. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याच्या आंसासारखा सावकाश डुलतो, एका डुलण्यास त्याला सुमारें २६ हजार वर्षें लागतात, आणि त्यामुळें दोन्हीं दिवस एकमेकांपासून दूर सरकत गेले. तिळगूळ खुशाल वांटा. तो गोडच आहे. पण त्या दिवसाच्या पुण्यकाळाची मिनिटें मोजून दान मागणारास एकदां ही काठी दाखवा.

आतां रात्रीं वर पाहूं. साजगांवची जत्रा आमच्या टापूंत कोणास माहीत नाहीं? कार्तिकी एकादशीस धाकट्या पंढरीच्या विठोबापाशीं गर्दी लोटते. सुक्या मासळीचा बाजार भरतो, म्हणून लोक प्रेमानें त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात. बाजार आटोपून घरीं परततांना पौर्णिमेच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. उगवत्या पूर्ण चंद्राच्या आसपास बारीक ताऱ्यांचा एक पुंजका दिसेल. त्या कृत्तिका. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ म्हणून महिना कार्तिक. पुढच्या पौर्णिमेस तो मृगाजवळ, म्हणून मार्गशीर्ष. मग पुष्य म्हणून पौष, मघा म्हणून माघ, चित्रा म्हणून चैत्र. बारा महिन्यांचीं नांवें म्हणजे चंद्राच्या मुक्कामांचीं नांवें. हें ज्ञान कोणी पोथींतून काढलेलें नाहीं. रात्रीं गुरें राखणाऱ्यांनीं आणि समुद्रावर होडी हांकणाऱ्यांनीं तें आकाशांतच वाचलें. सप्तर्षींस आमच्या म्हाताऱ्या माणसांनीं ‘खाटलें’ म्हटलें, मृगाच्या पोटांतल्या तीन ताऱ्यांस ‘तिकांडें’ म्हटलें. हीं नांवें आमच्या घरचीं आहेत. पोरांस तींच आधीं शिकवावीं.

चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात आणि सूर्याचें वर्ष ३६५ दिवसांचें. दर वर्षीं अकरा दिवसांची खोट येते. ती सांचून महिना झाली म्हणजे तेरावा महिना घालतात, तोच अधिकमास. २०२३ सालीं श्रावण अधिक आला, २०२६ सालीं ज्येष्ठ. हिशेबाची खोट भरून काढण्याची ही युक्ति शहाणपणाची आहे. पण त्या महिन्यांत जांवयास वाण दिलेंच पाहिजे आणि त्यासाठीं सावकाराची पायरी चढलीच पाहिजे, हें कोणत्या गणितांत बसतें? वह्यांतली शिल्लक जुळवितांना दुकानदार कधीं जांवयास बोलावतो काय?

मृगाचीही अशीच मौज आहे. ७-८ जूनला ‘मृग लागला’ असें आपण म्हणतों. त्या रात्रीं मृग शोधूं गेलें तर तो सांपडत नाहीं. कारण मृग लागला म्हणजे सूर्य मृगाच्या अंगावर येऊन बसला. त्याच्या उजेडांत मृग बुडाला. मृग पाहावयाचा तर थंडीत. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरत असल्यामुळें प्रत्येक तारा रोज चार मिनिटें आधीं उगवतो. पंधरवड्यांत एक तास, महिन्यांत दोन तास. म्हणून डिसेंबरांत सांजेस उगवणारा मृग जूनमध्यें सूर्याबरोबर उगवतो. सूर्य अमुक ताऱ्यांत आला कीं पाऊस जवळ, हा शेतकऱ्याचा अनुभव खरा आहे, कारण तें ऋतूचें घड्याळ आहे. पण पुढें पंचांग नक्षत्राचें वाहन सांगतें. नक्षत्रें मोजून नवांनीं भागावयाचें, आणि उरेल त्या बाकीवरून बेडूक कीं गाढव, मोर कीं उंदीर हें ठरवावयाचें. त्या एकाच बेडकानें आमच्या खाचरांत पाणी तुंबवावें आणि घाटावर माण-खटावांत तोच बेडूक कोरडा बसावा, हें कसें? पाऊस वाऱ्यांच्या, समुद्राच्या व डोंगरांच्या हिशेबानें पडतो. भागाकाराच्या बाकीवर नव्हे.

उजेडाविषयीं एक गोष्ट सांगतों. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लाख किलोमीटर धांवतो. चंद्राचा उजेड आपणांस सव्वा सेकंदांत पोंचतो, सूर्याचा आठ मिनिटें वीस सेकंदांत. हा वेग प्रथम १६७६ सालीं रोमर नांवाच्या डेन्मार्कच्या ज्योतिषानें गुरूच्या चंद्रांचीं ग्रहणें मोजून अजमावला. पूर्वीं लोक म्हणत कीं उजेडास वेळच लागत नाहीं. व्याध हा सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा आज दिसणारा उजेड साडेआठ वर्षांपूर्वीं निघाला आहे. कृत्तिकांचा उजेड तर सुमारें सवाचारशें वर्षांहून जुना. शिवछत्रपति जन्मले त्याच्याही आधीं तो तेथून निघाला आणि आज आपल्या डोळ्यांत येतो. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें तीस मोठाल्या ताटल्या उभ्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर रुंद. डॉ. गोविंद स्वरूप यांनीं त्या उभारविल्या. डोळ्यांस न दिसणाऱ्या रेडिओ लहरी, ज्या प्रकाशाच्याच भावंडां आहेत, त्या तेथें पकडतात आणि जगभरचे विद्वान त्यासाठीं तेथें येतात. ओतूरच्या पाटलावर दावा झाला तो हाच तालुका. तालुक्यानें केवढा पल्ला गांठला पाहा. मनानें गांठावयाचा तेवढा राहिला आहे.

आतां विचार करा. ज्या ताऱ्याचा उजेड पोंचावयास चारशें वर्षें लागतात, तो आमच्या पोरीचें लग्न बारा वाजून सात मिनिटांनीं लागलें कीं अकरा मिनिटांनीं, याची चौकशी करीत बसेल काय?

ग्रहांचें भय सर्वांत मोठें, म्हणून तेथें जरा थांबूं. तारे आपापल्या जागीं एकमेकांशीं बांधल्यासारखे राहतात. ग्रह मात्र त्यांच्यामधून फिरतात. कारण ते आपल्या पृथ्वीसारखेच सूर्याभोंवतीं फिरणारे गोल आहेत. शुक्र पृथ्वीच्या आंतल्या वाटेनें जातो, म्हणून तो सूर्यापासून फार दूर कधीं दिसत नाहीं. एकतर सांजेस पश्चिमेकडे, नाहींतर पहाटे पूर्वेकडे. मध्यरात्रीं तो माथ्यावर कधींच सांपडणार नाहीं. फिरतां फिरतां तो सूर्याच्या पलीकडे गेला म्हणजे सूर्याच्या झगझगाटांत कित्येक आठवडे दिसत नाहीं. त्यालाच शुक्राचा अस्त म्हणतात, आणि त्या दिवसांत लग्नें बंद ठेवतात! दिवाकडे तोंड करून उभे राहिल्यास मागचा माणूस दिसत नाहीं, म्हणून तो मेला असें कोणी समजेल काय?

‘मंगळ वक्री झाला’ हें दुसरें बुजगावणें. पृथ्वी सूर्यास ३६५ दिवसांत प्रदक्षिणा घालते, मंगळास ६८७ दिवस लागतात. दर सव्वीस महिन्यांनीं आपण त्याला मागें टाकतों. खोपोलीच्या रस्त्यानें एस.टी. बैलगाडीस मागें टाकते तेव्हां खिडकींतून पाहा: लांबच्या डोंगरावर नजर ठेवली तर बैलगाडी उलटी मागें सरकल्यासारखी दिसते. गाडीवान मागें फिरला काय? बैल कोणावर रागावले काय? मंगळाचें वक्री होणें याहून निराळें नाहीं.

शनीच्या साडेसातीचा हिशेब तर पांचवीच्या पोरानें करावा. शनीस एका प्रदक्षिणेस साडेएकोणतीस वर्षें लागतात. राशि बारा. म्हणजे एका राशींत अडीच वर्षें. आपल्या राशीच्या आधींची, आपली आणि नंतरची अशा तीन राशींचीं मिळून साडेसात. तेव्हां कोणत्याही दिवशीं बारांपैकीं तीन राशींस साडेसाती असतेच. म्हणजे जगांतील पाव माणसें सदोदित साडेसातींत! सावकारही तींत, कुळही तींत. खटला जिंकणाराही तींत, हरणाराही तींत. मंगळाचेंही तसेंच. कुंडलीच्या बारा घरांपैकीं पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरांत मंगळ असला कीं पोरगी मंगळी. बारांत पांच! शंभर पोरींत चाळीसांवर पोरी जन्मतःच डागी ठरविणारें हें शास्त्र आहे कीं हुंडा वाढविण्याचें यंत्र, हें पोरींच्या बापांनींच सांगावें. सोयरीक मोडते ती घरांत गुपचूप मोडते. तिचा दावा कोणत्याही कोर्टांत जात नाहीं. ज्या पोरीनें मंगळ कधीं डोळ्यांनीं पाहिलासुद्धां नाहीं, ती त्याची शिक्षा भोगते.

कोणी म्हणेल, अनुभव येतो त्याचें काय? अनुभवाची परीक्षाही झाली आहे. पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह २००८ सालीं ज्योतिषांस आव्हान दिलें. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून दिल्या. कोणती कोणाची एवढेंच सांगावयाचें. सत्तावीस ज्योतिषांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांचा बरोबर येण्याचा आंकडा निम्म्यासही पोंचला नाहीं. नाणें उडविलें असतें तरी निम्मीं उत्तरें बरोबर आलीं असतीं. तेव्हां ज्याला पत्रिका दाखवावयाची असेल त्यानें रुपया आधीं उडवून पाहावा. निदान तो आपल्याच खिशांत राहतो. आणि मंगळाविषयीं आणखी एक. ज्या २४ सप्टेंबरास १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज निघाला, त्याच २४ सप्टेंबरास २०१४ सालीं भारताचें यान मंगळाच्या कक्षेंत पोंचलें. हा योगायोग आहे. आम्ही त्यास ग्रहयोग म्हणणार नाहीं.

राहिलें ग्रहण. राहु-केतु सूर्यचंद्रास गिळतात ही गोष्ट आजही घरोघर सांगितली जाते. पण जो पंचांगकर्ता ग्रहणाचें मिनिट न चुकतां छापतो, तो तें राहूस विचारून छापीत नाहीं. सावलीच्या गणितानें काढतो. आर्यभटानें सन ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें कीं चंद्र सूर्यास झांकतो आणि पृथ्वीची छाया चंद्रास झांकते. म्हणजे जाणत्यांस पंधराशें वर्षांपासून ठाऊक होतें. मग आमच्या आजीस राहु कां सांगितला? जाणत्यांनीं खरें आपसांत ठेविलें आणि आम्हांस राहु दिला. आमची तक्रार ती ही आहे.

ग्रहण हें भिण्याचें नसून शिकण्याचें पर्व आहे. १८६८ सालच्या ऑगस्टांतील सूर्यग्रहणांत शास्त्रज्ञांनीं सूर्याभोंवतींच्या ज्वाळांचा प्रकाश पृथक् करून पाहिला. त्यांत एक अनोळखी पिवळी रेघ दिसली. त्यावरून सूर्यांत असलेल्या नव्या वायूचा पत्ता लागला. त्याचें नांव हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ सालीं हातीं लागला. पुढें २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास ग्रहणाची छाया आपल्याच मुलुखावरून गेली. विलायतेहून लॉकियर साहेब विजयदुर्गावर दुर्बिणी घेऊन उतरले, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील कावसजी दादाभाई नायगांववाला हे जेऊर येथें. त्या दिवशीं लोक अंघोळी करीत होते आणि दान देत होते. तीच छाया अंगावर घेऊन हे लोक सूर्य वाचीत होते.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं चंद्राचें खग्रास ग्रहण झालें. अकरापासून सुमारें ८२ मिनिटें चंद्र तांब्याच्या परातीसारखा लाल दिसत होता. तो लाल कां? पृथ्वीच्या भोंवतालच्या हवेंतून गाळून गेलेला सांजसकाळचा तांबडा उजेड तेवढा त्याच्यावर पडतो म्हणून. आणि चंद्रावर पडलेल्या छायेची कड नेहमीं गोल असते, यावरून आपली पृथ्वी गोल हेंही कळतें. असें सुंदर पुस्तक आकाशांत उघडलें असतां आमच्या गरोदर लेंकीसुनांस दार लावून आंत बसवितात. विळी धरूं नको, पाणी पिऊं नको, कूस बदलूं नको. भात लावून कंबर मोडलेल्या पोटुशी बाईस उपाशी आणि तहानेली ठेवणें, हेंच पोटांतल्या जिवास अपायकारक आहे, छाया नव्हे. रोज सांजेस आपण पृथ्वीच्याच छायेंत शिरतों, तिलाच रात्र म्हणतात. त्या छायेंत किती गरोदर बाया सुखानें झोंपतात!

एक सावधगिरी मात्र खरी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनीं पाहूं नये. त्यांत राहु नाहीं. सूर्याच्या तेजानें डोळ्याचा आंतला पडदा भाजतो, आणि भाजतांना दुखत नाहीं म्हणून कळत नाहीं. काजळी धरलेली कांच, जुनी एक्स-रे फिल्म, परातींतलें पाणी हे उपाय धोक्याचे. आमच्या वेल्डिंग करणाऱ्या भावांकडे १४ नंबरची काळी कांच असल्यास ती चालते. खात्रीचे ग्रहणाचे चष्मे मिळतात ते चालतात. सर्वांत सोपें म्हणजे घरांतली पिठाची चाळणी. सूर्याकडे पाठ करून ती उन्हांत धरा आणि भुईवर पाहा. प्रकाश सरळ रेषेंत जातो, म्हणून चाळणीचें प्रत्येक भोंक सूर्याचें एकेक चित्र पाडतें आणि भुईवर शेंकडों चंद्रकोरी उमटतात. २ ऑगस्ट २०२७, आषाढी अमावास्या, दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रांतून आहे. ढगांनीं वाट दिली तर प्रत्येक अंगणांत चाळणी निघाली पाहिजे, आणि ती धरणारी घरची सून असली पाहिजे.

‘मास्तर, यानें पोट भरतें काय?’ असें कोणी विचारील. पोट भरत नसेल, पण पोटाला चिमटा घेऊन जो पैसा शांतीस, तोडग्यास आणि खड्याच्या आंगठीस जातो, तो यानें घरांत राहतो. मोडलेली सोयरीक जुळते. मुहूर्तासाठीं थांबलेला दवाखाना वेळेवर गांठला जातो. आणि ‘देवाचें काय?’ असेंही कोणी विचारील. आम्ही विठोबास हात लावीत नाहीं. कार्तिकीस खुशाल जा, माळ घाला, बाजार करा. विठोबाच्या पायांशीं जातांना मध्यें कोणी दलाल लागत नाहीं, हें संतांनीं सांगितलें. आकाशाकडे पाहतांनाही लागत नाहीं, एवढेंच आम्ही जोडतों.

शेवटीं एका शाळामास्तराचें नांव घेतों. शंकर बाळकृष्ण दीक्षित, मूळचे दापोलीकडच्या मुरूडचे, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत तयार झालेले मराठी शाळेचे मास्तर. जातीनें ब्राह्मण, पण जें कुलपांत होतें तें त्यांनीं मराठींत मोकळें केलें. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ सालीं निघाला, आणि साध्या वाचकांसाठीं त्यांनीं ‘ज्योतिर्विलास’ लिहिलें. ज्यानें ज्ञान वांटलें तो आमचा, मग तो कोठल्याही घरीं जन्मलेला असो. ज्यानें तें अडवून पैसा केला तो आमचा नव्हे, मग तो आमच्याच भावकींतला कां असेना.

तेव्हां बंधूंनो आणि भगिनींनो, करावयाचें तें थोडें आहे. प्रत्येक गांवच्या शाळेंत किंवा चावडीपुढें एक काठी उभी करा आणि सावलीचे खडे वर्षभर हालवूं नका. महिन्यांतून एक रात्र, अमावास्येचीच, पोरांस माळावर न्या. भुताच्या रात्रींत तारे सर्वांत चांगले दिसतात. जत्रेंत एका कोपऱ्यांत एक दुर्बीण ठेवा आणि गुरूचे चार चंद्र मासळी घ्यावयास आलेल्या बायांस आधीं दाखवा. गॅलिलिओनें १६१० सालीं जें पाहिलें तें त्यांनींही पाहावें. आणि सोयरीक ठरवितांना पत्रिका मागणारास सांगा कीं पोरीची शाळेची पत्रिका आहे, ती पाहा.

जमिनीचें वतन मिळविण्यास आपल्या बापजाद्यांस कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. आकाशाच्या वतनास स्टॅम्प लागत नाहीं, तलाठी लागत नाहीं, साक्षीदार लागत नाहीं. मान वर केली कीं कबजा मिळतो.